कांजीच्या कार्डांवर मराठी खूणशब्द : तुरट, घाट, ताप आणि बाकीचे

पागोळी

अडीच वर्षांपासून मी कांजीची, म्हणजे जपानी लिपीतल्या चित्राक्षरांची, उजळणी आंकी या कार्डांच्या अ‍ॅपवर करते आहे. पहिलं दीड वर्ष प्रत्येक कांजीला एक इंग्रजी कीवर्ड असलेला तयार डेक (कार्डांचा संच) वापरला. मग तो बाजूला ठेवला आणि प्रत्येक कांजीसाठी स्वतः मराठी खूणशब्द शोधून नवा डेक बांधायला घेतला. आज त्यात १,१४० कार्डं आहेत. जपानच्या जोयो, म्हणजे नेहमीच्या वापरातल्या कांजींच्या, यादीत २,१३६ कांजी आहेत, म्हणजे निम्म्याच्या थोडं पुढे आले आहे. इतक्या दिवसांत जे लक्षात आलं ते इथे मांडते. इथले बरेच जण जपानी शिकतात, शिकवतात, काही तिकडे राहतात. तुमच्याकडूनही शब्द हवे आहेत.

(काहींच्या फोनवर कांजीच्या जागी नुसते चौकोन दिसतात, म्हणून मूळ अक्षर न टाकता उच्चार देवनागरीत देते आणि अक्षरात काय काय आहे ते सांगते.)

सुरुवात एका फळापासून झाली. 'शिबुइ'ची कांजी माझ्या जुन्या डेकमध्ये होती आणि तिच्यावर 'अ‍ॅस्ट्रिंजंट' असा कीवर्ड होता. तो शब्द मी आयुष्यात कधी बोललेले नाही. दर वेळी तो वाचायचा, अर्थ आठवायचा, मग अक्षर आठवायचं. आठ वेळा चुकले आणि आंकीने ते कार्ड 'जळू' म्हणून आपोआप बाजूला काढलं. पुढे एकदा ऑफिसातल्या जपानी सहकाऱ्याने न पिकलेलं काकी फळ कसं लागतं ते जीभ टाळूला लावून दाखवलं आणि म्हणाला, शिबुइ. अहो, हे तर तुरट! सुपारीने, आवळ्याने, कच्च्या केळ्याने तोंडाला होतं ते. लहानपणापासून जिभेवर असलेला शब्द मी दीड वर्ष परक्या शब्दाच्या आडून शोधत होते. कार्डावर 'तुरट' लिहिलं, त्यानंतर ते एकदाही चुकलेलं नाही.

मग चवींच्या सगळ्या कांजी ओळीने बदलल्या. अमाइ गोड, सुप्पाइ आंबट, काराइ तिखट, निगाइ कडू. 'अमाइ'च्याच कांजीने 'अमाएरु' हे क्रियापद लिहितात, त्याचा अर्थ लाडात येणं. लाडात आलेल्या पोराशी आपणही गोडच बोलतो, त्यामुळे तेही जाता जाता लक्षात राहिलं.

नंतर क्रियापदं घेतली आणि तिथे मराठी किती नेमकी आहे ते कळलं. इंग्रजीत एका 'ब्रेक'मध्ये जमा होणाऱ्या कांजी बघा. वारु म्हणजे फोडणं : अंडं फोडतात, उन्हाळ्यात डोळे बांधून कलिंगड फोडायचा खेळ खेळतात. ओरु म्हणजे मोडणं : फांदी मोडते, हाड मोडतं. ओरिगामीतला 'ओरि'ही तोच, आणि कागदाच्या बाबतीत आपण मुडपणं म्हणतो. मोडणं आणि मुडपणं, दोन्ही एकाच कार्डावर शेजारी बसले. याबुरु फाडणं, कुदाकु चुरा करणं, किरु कापणं. याबुरुच्या कांजीत डावीकडे दगड आणि उजवीकडे कातडी आहे. दगडावर आपटून गुडघ्याची कातडी फाटली, एवढी गोष्ट मला पुरते.

हवामानाचंही तसंच. 'नेत्सु' ही एकच कांजी उष्णतेला आणि अंगातल्या तापालाही चालते. इंग्रजी डेकमध्ये 'हीट' होतं, त्यामुळे आजारपणाच्या वाक्यात ती दिसली की मी अडखळायचे. मराठीत 'ताप' लिहिलं की दोन्ही अर्थ आपसूक येतात. नुसत्या हवेच्या 'अत्सुइ'ला उकाडा. 'आताताकाइ' दोन तऱ्हेने लिहितात. हवेसाठीच्या कांजीला मी 'ऊब' दिलं आणि जेवणापाण्यासाठीच्या, म्हणजे ओनसेनमधल्या (गरम पाण्याच्या झऱ्यातल्या) 'ओन'ला, 'ऊनऊन'. आजी म्हणायची ना, ऊनऊन भात खाऊन घे. अगदी तेच.

माझं म्हणणं एवढंच की खूणशब्द कोशातून उचलू नका. घरात, बाजारात, शेतात तोंडातून सहज निघतो तो शब्द घ्या. कार्ड समोर आलं की एका क्षणात आठवायला हवं, आणि तेवढ्या क्षणात अंगवळणी पडलेलाच शब्द धावून येतो.

तुमचे शब्द सांगा.

घाटवाट

माझा आवडता : तोगे. डावीकडे डोंगर, उजवीकडे 'वर', त्याखाली 'खाली'. डोंगर चढून उतरायची जागा म्हणजे घाट! इंग्रजीत त्याला दोन शब्द जोडावे लागतात, आपल्याकडे दोन अक्षरांत काम झालं. ही कांजी चीनमधून आलेली नाही, जपानमध्येच तयार झाली. डोंगराळ मुलखातल्या लोकांना असं अक्षर लागणारच. खंबाटकी उतरताना दर वेळी ते डोळ्यांसमोर येतं.

नागोयाकर

धागा छान आहे, पण मला एक मुद्दा गांभीर्याने मांडायचा आहे, कारण मी या वाटेने गेलो आणि अर्ध्यातून परत आलो.

एका कांजीला एक शब्द चिकटवायचा, तिच्या अवयवांची गोष्ट करायची आणि उच्चार नंतर शिकायचे, ही पद्धत कांजीवर पुस्तक लिहिणाऱ्या हायसिग यांनी १९७७ साली मांडली. मी त्यांच्या इंग्रजी कीवर्डांनी दोन हजार कांजी केल्या. मग नागोयाला आलो आणि वॉर्ड ऑफिसात फॉर्म समोर आला. अक्षरं सगळी ओळखीची, वाचता एकही येईना. 'तोकोरो' म्हणजे जागा हे ठाऊक होतं, पण 'जूशो' म्हणजे पत्ता हे कळायला बाईंना विचारावं लागलं.

खूणशब्द मराठी केला तरी ही अडचण संपत नाही. कांजी म्हणजे शब्द नव्हे. 'किरु' (वरचा कापण्याचा नव्हे, दुसरा) म्हणजे अंगात घालणं, नेसणं. किमोनोतला 'कि' तोच. पण त्याच कांजीने 'त्सुकु' लिहितात, म्हणजे पोचणं. स्टेशनवरच्या फलकावर गाडी कधी येणार ते सांगायला हीच कांजी असते. तुम्ही कार्डावर 'नेसणे' लिहिलंत तर फलाटावर काय कराल? 'नामा', म्हणजे कच्चं, याची कांजी घ्या. तिच्यात जन्म आहे, जगणं आहे, विद्यार्थीही आहे. एका मराठी शब्दात ती कशी मावणार?

आणि जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत हाताने लिहावं लागत नाही, सगळं पर्यायांतून निवडायचं असतं. मग खूणशब्दावरून अक्षर लिहून काढायचा घाट कशासाठी? शब्द शिका, वाक्यं वाचा, कांजी त्यातून आपोआप बसतात.

पागोळी

नागोयाकर, फॉर्मचा अनुभव लिहिलात ते बरं केलंत. तो मुद्दा मला मान्य आहे, म्हणून माझ्या कार्डाची रचना सांगते. समोरच्या बाजूला नुसता खूणशब्द नसतो. त्याखाली एक जपानी शब्द असतो, 'काना' या उच्चारलिपीत लिहिलेला, आणि हवी ती कांजी त्यात झाकलेली. म्हणजे 'पत्ता, जूशो, यातलं शो'. खूणशब्दामुळे अक्षर कुठलं ते समजतं आणि उच्चार त्याच्या सोबतच पाठ होतो. दोन अर्थांची कांजी असेल तर मी दोन कार्डं करते. 'नेसणे, किरु' आणि 'पोचणे, त्सुकु' ही माझ्या डेकमध्ये वेगळी कार्डं आहेत, उत्तर एकच.

हाताने लिहिण्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. परीक्षेला लागत नाही हे खरं. पण नुसतं ओळखायचं ठरवलं तेव्हा 'मात्सु' (वाट पाहणे) आणि 'मोत्सु' (हातात धरणे) मी सतत एकमेकींच्या जागी वाचायचे. उजवा भाग दोन्हींत सारखाच, फरक डावीकडचा. लिहायला लागल्यावर तो गोंधळ आठवड्यात थांबला. रोज १२ नवी कार्डं, पाठकोऱ्या कागदांवर, एवढाच माझा नेम आहे. आंकी मुळात २० नवी देतं, ती मला झेपत नाहीत.

साळीची_लोंबी

आम्ही सिंधुदुर्गातले, त्यामुळे तांदळावर बोलल्याशिवाय राहवत नाही. इंग्रजी डेकमध्ये जिकडे तिकडे 'राइस' लिहिलेलं पाहून मला कधीच समाधान झालं नाही. जपान्यांकडे शेतातलं उभं पीक 'इने', कांडलेला दाणा 'कोमे', ताटातला 'मेशी' किंवा 'गोहान'. कणसाला 'हो', रोपाला 'नाए'. प्रत्येकाची कांजी वेगळी. आणि आमच्याकडे प्रत्येकाला शब्द तयार!

पण एक सांभाळा. पुण्याकडे भात म्हणजे शिजवलेला. आमच्याकडे 'भात लावला' म्हणजे शेतात लावणी केली, आणि 'भात जेवलो' तोही भातच. मी 'भात' हा खूणशब्द ठेवला आणि माझाच घोळ झाला, कधी इने लिहायचो, कधी मेशी. आता इने म्हणजे साळ, कोमे तांदूळ, मेशी म्हणजे 'शीत'. हो म्हणजे लोंबी, हे तर नावातच घेतलंय.

शेताचंही असंच. 'ता' म्हणजे पाणी साठवलेलं खाचर. त्याच्या डावीकडे अग्नी लावला की 'हाताके' होतं, कोरडवाहू जमीन. आमचे म्हातारे पावसाआधी पालापाचोळा पसरून जमीन भाजायचे, त्याला भाजावळ म्हणतात. अग्नी आणि शेत एकत्र पाहिल्यावर मला दुसरी गोष्ट रचावीच लागली नाही. हीसुद्धा तोगेसारखीच जपानमध्ये घडलेली कांजी आहे.

बिनचूक

मी थोडं यंत्राच्या बाजूने लिहितो, कारण मराठी खूणशब्दांचे काही त्रास इंग्रजीवाल्यांना येतच नाहीत.

पहिला त्रास एका शब्दाच्या दोन अर्थांचा. 'नाव' लिहिलं तर होडी की ओळख? फुने की ना? 'उत्तर' लिहिलं तर दिशा की जवाब? किता की कोताए? 'पाठ' शरीराची की पुस्तकातला? 'वीज' तर मला सर्वांत जास्त छळून गेली : घरातली वीज म्हणजे 'देन', ढगातला गडगडाट म्हणजे 'कामिनारी', आणि दोन्ही कांजींच्या डोक्यावर पाऊस आहे. मी आता होडी, जवाब, धडा, गडगडाट असे शब्द घेतले आहेत. नाव, उत्तर, पाठ, वीज हे ज्या कांजीला एकदा दिले, तिलाच राहतात.

हे आपोआप पकडायचं असेल तर नोटमधलं (कार्डाच्या नोंदीतलं) पहिलं फील्ड, म्हणजे रकाना, खूणशब्दाचं ठेवा, कांजीचं नको. आंकी पहिल्या फील्डवरून पुनरावृत्ती ओळखतं. तोच शब्द दुसऱ्यांदा टाकलात की लगेच सांगतं. ज्यांना पागोळींसारखी जोडकार्डं करायची आहेत त्यांचे खूणशब्द तसेही वेगळेच असतात, त्यांना अडचण नाही.

पण इथेही एक खाच आहे. 'तऱ्हा' हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो. काही कळफलक नुक्ता असलेला ऱ वापरतात, काही साध्या र् नंतर न दिसणारा जोडक घालतात. डोळ्यांना शब्द एकच दिसतो, यंत्राला दोन वेगळे. माझ्याकडे 'तऱ्हा' दोन कांजींना गेला होता आणि आंकी गप्प होतं. फोनवर आणि संगणकावर आलटून पालटून टंकत असाल तर असे शब्द एकदा शोधून सारखे करून घ्या.

शेवटचं फाँटबद्दल. कार्डाच्या साच्यात कांजीच्या फील्डची भाषा जपानी आहे असं सांगितलं नाही तर बऱ्याच फोनवर चिनी वळणाचं अक्षर दिसतं. 'नाओसु' (नीट करणे) याच्या कांजीत हा फरक सहज लक्षात येतो. मी दोन महिने चिनी वळण गिरवत होतो. शिकवणाऱ्या बाईंनी वही पाहून थांबवलं.

ओवीबद्ध

बौद्ध शब्दांचा विषय अजून कोणी काढला नाही, म्हणून मी काढते. कित्येक कांजी अशा आहेत की त्यांचा उच्चारच आपल्याकडून गेलेला आहे. ध्यान, पालीत झान, चिनीत चान, जपानीत झेन. त्या कार्डावर 'ध्यान' लिहिलं की अर्थ आणि उच्चार दोन्ही हातात येतात. 'तो' म्हणजे स्तूप, गोजूनोतो म्हणजे पाच मजली मनोऱ्यातला. 'हाचि' म्हणजे भिक्षेचं पात्र. 'पात्र' याच शब्दाचा चिनी उच्चार आखडत त्याचा हाचि झाला, आणि आज झाडाच्या कुंडीलाही तीच कांजी आहे. 'मा' म्हणजे बुद्धाला भुलवायला आलेला मार. कोणाच्या घरात शिरताना 'ओजामाशिमास' म्हणतात ना, त्यातल्या 'जामा'मध्ये हा मार बसला आहे.

पाहण्याच्या कांजींनाही इथूनच वाट मिळते. मिरु, साधं पाहणं, ते वेगळं. 'कान्नोन'मधलं 'कान' म्हणजे अवलोकन. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर, आणि त्यातलं 'ओन' म्हणजे आवाज : जगाचा आक्रोश पाहणारा. अजिंठ्यात, औरंगाबादच्या लेण्यांत ज्याच्यासमोर आपण उभे राहतो तोच. त्या कार्डापाशी मी जरा थांबतेच.

आणखी एक 'कान' आहे, हाताखाली डोळा. कपाळावर आडवा हात धरून दूरवर पाहावं तसा. रुग्णाची काळजी घेण्याच्या 'कांगो' या शब्दात तो येतो. त्याला मी 'देखभाल' दिलं. देखणं त्यात आहेच.

पागोळी

ओवीबद्ध, 'देखभाल' आत्ताच घेतला!

पण तत्सम शब्दांबद्दल जपून. सुरुवातीला मीही खूप भरले. अवलोकन, निरीक्षण, परीक्षण, पर्यवेक्षण. महिनाभरात चारही एकमेकांत मिसळले, कारण यातला एकही शब्द मी रोज बोलत नाही. 'अवलोकन'पाशी तुमच्यासारखी मूर्ती उभी असेल तर तो टिकेल. नुसता कोशातून घेतलेला टिकणार नाही. दुसरं म्हणजे, आपल्याकडून गेलेल्या शब्दाचा अर्थ तिकडे बदलला असेल तर मूळ शब्द फसवतो. 'सो' ही कांजी 'संघ' या शब्दासाठी घेतली होती, पण आज तिचा अर्थ एकटा भिक्षू असा होतो. मी 'संघ' लिहून बसले होते आणि डोळ्यांसमोर क्रिकेटचा संघ यायचा.

दुसरी_पायरी

नमस्कार, मी पुण्यात क्लासला जाते, डिसेंबरच्या जेएलपीटीच्या एन-४ पातळीची तयारी चालू आहे. सगळं वाचून आजच डेक सुरू केला. नात्यांपासून केला कारण ते सोपं वाटलं. आनि दादा, आने ताई, ओतोतो धाकटा भाऊ, इमोतो धाकटी बहीण. योमे म्हणजे बाईशेजारी घर, सून. शूतोमे म्हणजे बाईशेजारी जुनं, सासू. हे घरी सांगितलं तर सगळ्यांना लगेच पाठ झालं.

अडले ते 'ओजि'पाशी. दोन वेगळ्या कांजींनी लिहितात, उच्चार एकच. मी एकीला काका आणि दुसरीला मामा दिलं. बरोबर आहे ना?

नागोयाकर

नाही, इथे मराठी आपल्याला चुकीच्या बाजूला नेते. जपानीत बाजू आईची की वडिलांची याने फरक पडत नाही. वयाने पडतो. आई किंवा वडिलांपेक्षा मोठा असेल तर 'हाकु'ची कांजी, लहान असेल तर 'शुकु'ची. म्हणजे थोरला मामा आणि थोरला काका एका कांजीत, धाकटे दोघे दुसरीत. ओबा म्हणजे मावशी, आत्या यांचंही तसंच. तुम्ही 'थोरला' आणि 'धाकटा' एवढंच ठेवा. आनि-आनेला दादा-ताई ठेवलेत, त्यामुळे 'थोरला' मोकळाच आहे. 'धाकटा'शी ओतोतो भांडेल, म्हणून ओतोतोला 'भाऊराया' किंवा घरात धाकट्याला हाक मारतात ते नाव द्या.

म्हणूनच सांगतो, मराठी शब्द ठरवण्याआधी जपानी-जपानी कोशात त्या कांजीचे दोन-तीन शब्द बघून घ्या. इंग्रजी अर्थावरून मराठी केलंत तर 'अंकल'चा काका होणारच.

पागोळी, तुमची झाकलेल्या शब्दाची कार्डं मी आठवडाभर करून पाहिली. वाचनाला उपयोग होतोय. विसरलेल्या कांजी परत लिहिता यायला लागल्या आहेत, तेही खरं.

दुसरी_पायरी

धन्यवाद नागोयाकर काका. घरात धाकट्याला बाळ्या म्हणतात. ओतोतो म्हणजे बाळ्या झाला.

पागोळी

'थोरला-धाकटा' माझ्याकडेही चुकलंच होतं. दुरुस्त केलं.

आता मला मदत हवी आहे. 'नात्सुकाशी'ची कांजी. जुनं गाणं, शाळेचं पटांगण, गावाकडचा वास पुन्हा भेटला की जपानी माणूस हा शब्द म्हणतो. 'आठवण' मी आधीच दुसऱ्या कांजीला दिला आहे. शिवाय या कांजीचं दुसरं वाचन 'फुतोकोरो' आहे, किमोनोचे दोन पदर छातीवर एकमेकांवर येतात तिथली आतली जागा. तिथे पैसे ठेवतात, पत्र ठेवतात. पैशांची तंगी असेल तर फुतोकोरोला थंडी वाजते म्हणतात. अक्षराच्या डाव्या अंगाला काळीज आहे. कोणता शब्द देऊ?

घाटवाट

ऊर? उराशी?

ओवीबद्ध

ऊर चांगला आहे, पण 'मुने'ला, म्हणजे छातीला, लागेल तो. ओटी कशी वाटते? ओटीत काहीतरी जपून ठेवलेलं असतं.

साळीची_लोंबी

कनवटी. आजी लुगड्याच्या कनवटीला पैसे खोचायची. त्यात एक सुपारी, एक जुनी किल्ली आणि आमच्यासाठी चार आणे असायचे. तो हात कमरेकडे गेला की आम्ही पोरं जवळ सरकायचो.

बिनचूक

पण कनवटी कमरेला आणि फुतोकोरो छातीला.

पागोळी

जागा वेगळी आहे, काम तेच आहे. चार आण्यांपाशी वाचता वाचता मी थांबले, म्हणजे शब्द लागला. समोर 'कनवटी', खाली 'नात्सुकाशी', मागे अक्षर. कार्ड १,१४१ वं.